सहजचे फोटो

माझ्या कपाटात नऊ जुन्या झूम लेन्स आहेत आणि त्यांतल्या एकीचंही नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. जपानमधल्या कुठल्याशा एकाच कारखान्यातून निघालेल्या, दहा नावांनी दहा ठिकाणी विकल्या गेलेल्या, आणि शेवटी कुणीतरी भंगारात काढलेल्या. मी त्या डिजिटल कॅमेऱ्याला मध्ये एक कडं बसवून लावते आणि अजूनही काम करते. दुकानदार त्यांना कचरा म्हणतात तेव्हा मला राग येतो. माझी नात पुण्याला असते, तीही फोनवरून असल्याच लेन्स मागवते. ती जेव्हा म्हणते की आजी, समोरून ऊन आलं की फोटोवर जो फिकट डाग पडतो ना, तो आता लोक मुद्दाम पाडून घेतात, किती छान दिसतो, तेव्हा तर मला इतका राग येतो की मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिचा काही दोष नाही. त्या डागाने एका मुलीचं काय केलं ते मी तिला कधी सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. आता पासष्टी उलटली आणि स्वतःच्या गप्प बसण्याचाच राग यायला लागला, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही अंबडला राहायचो. बसस्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पुढची खोली म्हणजे स्टुडिओ, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर, आणि घरातली न्हाणी ही दुपारी बारा ते चार डार्करूम. माझ्या आईला, म्हणजे मायला, नेमकं त्याच वेळी धुणं आठवायचं. दाराबाहेर बादली आपटून ती विचारायची की माणसांनी अंघोळी करायच्या का नाही या घरात. आत अण्णा, माझे वडील, ट्रेमधला कागद हलवत राहायचे. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाचा, वास पांघरुणांना, उशांना, माझ्या वेणीलासुद्धा यायचा. माय येसराची खमंग आमटी करायला लागली की तेवढ्यापुरता तो हटायचा. पुढच्या खोलीतून दिवसभर अण्णांचा आवाज, हनुवटी खाली, अजून खाली, आता हलू नका. बाहेरून कंडक्टरच्या घंट्या. आणि मागच्या गल्लीतून शिलाई मशीनचा खडखडाट, तो तर सकाळी नऊपासून. ते मशीन शकूताईचं. तिच्याकडे येतेच.

अण्णांनी ती झूम लेन्स जालन्याहून आणली, धंदा बंद करणाऱ्या एका फोटोग्राफरकडून. लांबलचक, काळी, जड. मायने हातात घेऊन म्हटलं, दुधीच की हा. तेव्हापासून ती आमच्याकडे दुधी झाली. तिच्या तोंडाशी गोल अक्षरांत कंपनीचं नाव होतं. अण्णांनी आठ दिवस चार लोकांना विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी त्या नावावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. लग्नात कुणी विचारलं तर सगळ्यांत मोठ्या कंपनीचं नाव ठोकून द्यायचे. ती पट्टी आठवली की मला आजही अण्णांच्या हातातून कात्री ओढून घ्यावीशी वाटते. त्या नावात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लेन्स गरिबाची होती, पण नीट वागवली तर चांगली चालायची. फक्त तिच्या खोडी माहीत पाहिजेत. एकच कडं, पुढे-मागे सरकवलं की चित्र जवळ-लांब, फिरवलं की फोकस. कॅमेरा खाली धरला की तिचं नळकांडं आपल्याआप घसरायचं, म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून तिच्या कमरेला चढवला. समोरून ऊन आलं की चित्र पांढरट व्हायचं, म्हणून अण्णांनी पुठ्ठ्याला काळा रंग देऊन पुढे लावायची एक टोपी केली होती. टोपी काढायची नाही, हा एकच नियम त्यांनी मला दहादा सांगितला.

मला सांगितला, कारण दुधी मीच वापरायची. अण्णांची नजर अधू व्हायला लागली होती आणि दुधीतून बघितलं की कॅमेऱ्यात अंधारच. मधोमध एक छोटं वर्तुळ, त्यात चित्राचे दोन तुकडे, ते जुळले की फोकस बरोबर. दुधी लावली की त्यातला एक तुकडा काळाच पडायचा. डोळा जरा वरखाली करून, श्वास धरून तो उजळवायला लागायचा. मी अंगणात मायच्या कुंकवावर, पत्र्यावरच्या कावळ्यावर, गावाच्या पाण्याच्या टाकीवर सराव केला. महिन्याभरात मला ते असं जमायला लागलं की अण्णा गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, दुधीला फक्त विमलच वळण लावू शकते. मी सतरा वर्षांची होते. शाळा सुटलेली, लग्न ठरायचं होतं, आणि घरात पहिल्यांदाच माझ्यावाचून अडणारं काहीतरी होतं. त्या बढाईची पुढे किंमत द्यावी लागली. ती दुसरीनेच दिली, त्याचाच राग आहे.

ज्या मुलीला बघायला जायचं तिला आधी एकदा, तिला न कळू देता, बघून घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. देवळात, आडावर, कुणाच्या हळदीत वरपक्षाची एखादी आत्या नुसतीच जाऊन बसायची आणि मुलीचा रंग, चाल, केस बघून यायची. बघण्याच्या कार्यक्रमात पावडर लावून, मान खाली घालून बसलेल्या मुलीचं काय कळणार, असं म्हणायचे. सोयरिकी जुळवणारे एक नामदेवनाना आमच्या ओट्यावर चहाला यायचे. दुधी बघितल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की आत्याला कशाला पाठवायचं, फोटोच काढून न्यावा, म्हणजे सगळं घर बघेल. पण पुरुष माणूस पोरींकडे कॅमेरा रोखून उभा राहिला तर मार खाईल. पोरगी उभी राहिली तर कोण बघतंय. अशा फोटोंना आमच्या घरात ‘सहजचे फोटो’ म्हणायचे. मी ते काढले. मंठ्याच्या बाजारात टोपली घेऊन बसलेली एक, कन्याशाळेच्या फाटकातून निघालेली एक, अंगणात ज्वारी पाखडणारी एक. आठ मुली तरी असतील. त्यांतल्या एकीलाही कळलं नाही, आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही. फोकस बरोबर आला का, एवढीच काळजी. असं चोरून बघणाऱ्या माणसांची चीड येते तेव्हा मी हेही लक्षात ठेवते की ही माणसं म्हणजे मीपण.

शकूताई मागच्या गल्लीत राहायची. तिचे वडील एसटीवर ड्रायव्हर. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आणि शिवणकामाचा क्लास घ्यायची, बारा-तेरा पोरी आणि तीन मशीनं. मी तिच्याकडे ब्लाउज शिकायला जायचे. ती फार बोलायची नाही. माझी बाही चुकली की उसवून माझ्या हातात द्यायची, बस. एकदा माझ्या बोटात सुई गेली तेव्हा तिने ती एका झटक्यात ओढली, माझं बोट स्वतःच्या तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने समोरच्या पोरीला कापड कापायची खूण करत राहिली. घनसावंगीकडच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणं झालं. शेती, ऊस, मुलगा नोकरीत. नाना अण्णांकडे आले आणि सहजचा फोटो मागितला, रंगीत पाहिजे म्हणाले, गोरेपणा बघायचाय. आतून माय म्हणाली की मागच्या गल्लीतली पोरगी आहे, राहू द्या. अण्णा म्हणाले की चांगल्या घरात पडेल, तिचंच भलं आहे. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे मी विचारच केला नाही.

शकूताई मंगळवारी सकाळी मत्स्योदरीच्या टेकडीवर देवीला जायची, हे मला क्लासमुळे माहीत. मी कॅमेरा भाजीच्या पिशवीत टाकला. टोपी लावली की दुधी पिशवीत मावेना, म्हणून मी टोपी काढून घरीच ठेवली. पायऱ्यांच्या खाली, फुलं-नारळाच्या टपरीआडून मी उभी राहिले. ती वर चढत होती, ऊन टेकडीच्या माथ्यावरून सरळ माझ्याकडे येत होतं. तिने मागे वळून कुणा म्हातारीला हात दिला. तिचा चेहरा मी मधल्या वर्तुळात धरला, तुकडे जुळवले, दाबलं. पुन्हा वळली, पुन्हा. चार फोटो काढले, चारही वेळा मध्ये तेच वर्तुळ. येताना रोल संपवायचा म्हणून रस्त्यात थांबलेल्या गाडीचा तांबडा बैल घेतला आणि मग आपली नेहमीची पाण्याची टाकी, दोन्ही तशीच उन्हाकडे तोंड करून. रोल जालन्याच्या लॅबला गेला, शकूताईचे चार प्रिंट पाकिटातून आले. अण्णांनी पाकीट न उघडता नानांना देऊन टाकलं.

पंधरा दिवसांनी नाना पाकीट घेऊन परत आले. मी पडद्याआड रिटचिंगच्या टेबलाशी होते. त्यांनी चहा बशीत ओतून प्यायला, मग आवाज खाली आणून म्हणाले, “जमत न्हाई ते. पोरीच्या गालावर कोड हाये.”

अण्णा म्हणाले की असं कसं, रोज डोळ्यांसमोर असलेली पोरगी.

“पावडर लावून झाकत असतील. तीन फोटूत एकाच जागी हाये बघा, डाव्या गालावर. एकात असतं तर मीबी म्हणलो असतो उन्हाचं हाये. त्या बायांनी बराबर हेरलं.”

अण्णांनी फोटो बघितले. तीस वर्षं फोटो काढत आलेला माणूस. त्यांना एका नजरेत कळलं होतं. पण नाना उठून गेले तरी ते बोलले नाहीत. मी बाहेर येऊन पाकीट उचललं. शकूताईच्या डाव्या गालापासून हनुवटीपर्यंत फिकट, गोलसर डाग, कडा जरा पुसट. तीन फोटोंत गालावर. चौथ्यात तिने मान खाली घातली होती, त्यात तोच डाग तिच्या पदरावर पडला होता. पदराला कोड कसं झालं, हे घनसावंगीच्या एकाही बाईने विचारलं नव्हतं. मी पाकिटातल्या निगेटिव्ह काढून खिडकीला धरल्या. बैलाच्या पाठीवर तोच डाग. टाकीच्या भिंतीवर तोच. तीच जागा, चौकटीच्या मधोमध, जरासा डावीकडे. टोपी नव्हती, ऊन सरळ काचेत शिरलं होतं आणि दुधीने जे केलं ते तिच्यासारखी कुठलीही लेन्स करेल.

मी अण्णांना म्हटलं की नानांना परत बोलवा, त्यांना बैल दाखवा.

“तोंड बंद ठेव,” अण्णा म्हणाले. “बैल दाखवला की गोष्ट तिच्या बापापर्यंत जाईल. त्याला काय सांगायचं? आम्ही तुमच्या पोरीचे चोरून फोटो काढले म्हणून? उद्या लग्नाला कोण बोलवंल आपल्याला? कोण दारात उभं करंल?”

“मंग तिनं काय करायचं?”

“तिला दुसरं स्थळ येईल. लोक विसरतेत.”

लोक विसरले नाहीत. नानांनी कुणालाही सांगितलं नसेल, पण त्या घरातल्या बायांना माहेरं होती, आणि माहेरं सगळीकडे होती. महिन्याभरात क्लासमधल्या पोरी तेराच्या पाच झाल्या. एका बाईने शकूताईने शिवलेली झंपरं घालायच्या आधी उकळत्या पाण्यात टाकली, आणि तसं सांगितलंही. दुसरी चहा घेईना, उपास आहे म्हणाली, दर वेळी उपास. शकूताई आरशासमोर उभी राहून गाल ओढून बघायची, मी मशीनवर बसून ते बघायची. तिची आई तिला जालन्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर गल्लीत झालं की औषध चालू आहे. कोड म्हणजे रोग पसरतो असं मानणारी ही माणसं एरवी एका ताटात जेवायची. त्यांची मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही. गावातल्या एकेका चेहऱ्याकडे बघून मला ओरडावंसं वाटायचं की तो डाग माझ्या लेन्सचा आहे. आणि मी खाली मान घालून काजं करत बसायची.

शेवटी एका दुपारी मी न्हाणीत शिरले. रंगीत निगेटिव्हवरून आमच्या साध्या, काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदावर प्रिंट काढले, मळकट, पण डाग स्वच्छ दिसत होता. शकूताईचे चार, बैलाचा एक, टाकीचा एक. अण्णांनी बाहेरून विचारलं आत कोण आहे. माय दारातच बसली होती, तिने सांगितलं की विमल केस धुतेय, वेळ लागेल. मी बाहेर आले तेव्हा तिने ओल्या फोटोंकडे बघितलं. “मलाबी चालून दाखवायला लावल्तं,” ती म्हणाली. “केस सोडून दाखवायला लावल्तं. जाय, सांगून ये.” मग बादली उचलून आत गेली. तिने अण्णांना त्याबद्दल कधी काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

इथे वाचणाऱ्याला वाटेल की शकूताईचं पुढे काय झालं, लग्न झालं का, कुठे असते, कशी दिसते. मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. ते लिहिणं म्हणजे तिला न विचारता आणखी एक फोटो काढणं होईल. तिने मला जे तोंडावर सांगितलं तेवढंच माझं आहे.

दुपारी क्लासमध्ये कुणी नव्हतं. ती एकटी खडूने कापडावर रेघा मारत होती. मी सहाही फोटो तिच्या कापडावर मांडले आणि एका दमात सगळं सांगितलं. नाना, घनसावंगी, पिशवी, टोपी, ऊन. बैल दाखवला, टाकी दाखवली, डाग कसा एकाच जागी येतो ते बोटाने दाखवलं. मला वाटत होतं की ती रडेल, किंवा मला मारेल, आणि दोन्हीची माझी तयारी होती. मी तर मनातून जरा सुटलेही होते. सांगून टाकलं होतं ना. तिने बैलाकडे आणि टाकीकडे बघितलंच नाही. पायऱ्यांवर म्हातारीला हात देणारा स्वतःचा फोटो उचलला आणि बराच वेळ बघत बसली.

“टपरीच्या मागं व्हती तू?”

मी हो म्हटलं.

“मी पाह्यलं नसतं व्हय तुला? हाक मारली असती तर थांबले असते की. नीट उभी राह्यले असते.”

मी घाईघाईने म्हटलं की मी उद्याच घनसावंगीला जाते, बस पकडते, त्या घरात हे सगळे फोटो दाखवते, अण्णा काही म्हणू देत. त्यांना कळेल की तू बिलकुल चांगली आहेस.

“चांगली हाये म्हंजे?” तिने विचारलं.

“म्हंजे कोड न्हाई.”

तिने फोटो खाली ठेवला. तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघितलं.

“अन् असतं तर, विमल? खरंच असतं माझ्या गालावर, तर आली असती का तू? हे सांगायला, की मी चोरून फोटू काढले म्हणून?”

हो म्हणता आलं असतं. सतरा वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो. पण आधीच्या आठ जणी होत्या आणि त्यांच्यापैकी एकीच्याही दारात मी गेले नव्हते. त्यांचे फोटो चांगले आले होते. महिनाभर मी ज्या संतापाने जळत होते तो सगळा एका डागासाठी होता. माझ्या फोटोची चूक झाली म्हणून.

“न्हाई,” मी म्हटलं. “न्हाई आले असते.”

तिने मान हलवली, जणू मापं बरोबर निघाली. मग तिचे चार फोटो घेऊन मशीनच्या खणात टाकले, बैल आणि टाकी माझ्या हातात दिली.

“जाय मंग घरी,” ती म्हणाली. “अन् उद्यापासून दुसऱ्या कुणाकडं शीक.”